सातव्या खुंट्याचं आवतन

पिंपळगाव रेणुकाईहून निरोप आला की देवीच्या आवारातली ओवरी झाडून-सारवून ठेवली आहे, पोळा झाला की खुशाल या. निरोप ऐकला आणि इंद्रभाननं गोठ्यातली आपली बाज उचलून भिंतीला उभी केली. गेल्या चित्रा नक्षत्रापासून तो त्या बाजेवर झोपत होता. घरात जागा नव्हती असं नाही. पण तो गोठ्यात का झोपतो हे कोणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तरी त्यानं खरं सांगितलं नसतं.

निजामी फसली सन तेराशे सत्तेचाळीसचा श्रावण सरत आला होता आणि इंद्रभानचं सत्तावन्नावं सरत आलं होतं. टेंभुर्णीच्या शिवारात त्याच्या घरच्या तीन जोड्या चालत. पण चालणाऱ्याचं लक्ष आता बांधाकडं होतं. त्याला बसायचं होतं.

हे बसण्याचं खूळ त्याच्या डोक्यात घातलं काकासाहेब नाकेदारांनी. काकासाहेब म्हणजे गोपिकाबाईचे, इंद्रभानच्या बायकोचे, थोरले भाऊ. वऱ्हाडच्या सरहद्दीवरच्या नाक्यावर त्यांनी तीस वर्षं गाड्या अडवल्या, पोत्यांत सळई खुपसून पाहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला घाम फोडला. पंचावन्न पुरी झाली तेव्हा सरकारनं त्यांना सांगितलं, आता घरी बसा, अर्धी तनखा मरेपर्यंत मिळेल. याला म्हणतात वजिफा. काकासाहेबांनी हा शब्द टेंभुर्णीत आणला तेव्हा इंद्रभाननं तो तीनदा म्हणून पाहिला. त्याला तो इतका गोड लागला, की गेल्या पोळ्याला वेशीत, सगळ्या गावादेखत, त्यानं आपल्या चांद्याच्या गळ्यात हार घातला आणि सांगितलं, "आजपासून चांद्या वजिफ्यावर. याच्या खांद्यावर पुन्यांदा जू यायचं न्हाई."

गाव हसलं होतं. बैलाला वजिफा देणारा निजामाच्या मुलखात हा पहिलाच. चांद्या अकरा वर्षं डाव्या अंगाला चाललेला, कपाळावर पांढरा चांद, आणि मागचा डावा खूर जरासा ओढायचा, त्यामुळं त्याच्या पावलामागं मातीत रेघ उमटायची. वजिफ्यावर गेला आणि चाळीस दिवसांत मेला. त्याला पान लागलं, असं इंद्रभाननं घरी येऊन सांगितलं. सापाचं नाव त्या घरात घेत नसत. पान लागलं म्हटलं की कोणी पुढं विचारत नसे.

तर आता पोळ्याच्या आदल्या दिवशी, दिवस कलताना, सगळी गोठ्यापुढच्या अंगणात बसली होती. थोरला मुलगा धर्मराज शिंगांना लावायचं बेगड कातरत होता. त्याची बायको सोनूबाई वाटीत लोणी आणि हळद कालवत होती. इंद्रभानचा धाकटा भाऊ रायभान खांबाला टेकून गोंडे वळत होता. रायभान तसा कमीच बोलायचा, आणि गेल्या वर्षभरात तर भावाशी तो कामापुरतंही बोलला नव्हता. काकासाहेब एकटेच खुर्चीवर होते. ती खुर्ची ते येताना बैलगाडीत घालून आणत, कारण दाजींच्या घरी खुर्ची नव्हती आणि नाकेदारानं भुईवर बसणं बरं दिसत नव्हतं.

इंद्रभाननं बेत सांगितला. पोळ्याची कर झाली की तो आणि गोपिकाबाई पिंपळगावला जाणार. धान्य धर्मराज पोचवील. तिथं सकाळी उन्हं वर आल्यावर उठायचं, देवीला पाणी घालायचं, पोथी ऐकायची, जेवायचं आणि लवंडायचं. औत नाही, वखर नाही, कोणाची हाक नाही.

"दाजी," काकासाहेब म्हणाले, "वजिफा असा तोंडी न्हाई मिळत. अर्ज लागतो. अर्जावर साहेबाची सही लागते. तुमच्या अर्जावर कोण सही करणार?"

"साहेब बी मीच आन चपराशी बी मीच."

रायभाननं गोंडा दातात धरून गाठ ओढली आणि मान वर न करता म्हणाला, "चांद्याच्या अर्जावर बी तूच सही केल्ती, दादा."

इंद्रभानच्या मानेवर काटा आला. इतर सगळ्यांना तो भावाभावांतला टोमणा वाटला, आणि टोमणा कोणावर आहे हे न कळल्यानं कोणी हसलं नाही.

धर्मराजनं कातर खाली ठेवली. त्याला कारभार हवा होता, पण तसं दिसू द्यायचं नव्हतं. तो हळूच म्हणाला, "बा, तुमी म्हणाल तसं. पण द्यायचं तर समदं बराबर द्या. तिकडं बसून इकडं निरोप धाडायचे न्हाई. तिसऱ्या दिवशी माणूस येणार आन सांगणार, बा म्हणले कपाशी नका लावू. तसं न्हाई जमायचं."

काकासाहेबांनी भाच्याची बाजू घेतली, म्हणाले, नाक्यावरसुद्धा जुन्या नाकेदारानं नव्याला शिकवायचं नसतं. मग आपल्याच बोलण्यावर त्यांनी खुर्चीचे हात चाचपले. ज्या सोनूबाईला सासरा-सासू गेल्यावर चुलीचा नि कोठीचा ताबा मिळणार होता, तिनं आपल्या नवऱ्याची बाजू घ्यावी असं सगळ्यांना वाटत होतं. ती लोणी घोटत राहिली आणि तिनं सासऱ्याला एवढंच विचारलं, "मामा, आत्याबाईला इचारलं का?"

इंद्रभाननं बायकोकडं पाहिलं. खरंच विचारलं नव्हतं. बैलाच्या जोडीतल्या एकाला विचारून दुसऱ्याला कोणी विचारतं का, असं काहीसं त्याच्या मनात आलं.

गोपिकाबाई डाळ निवडत होती. "तिथं चूल हाय का, एवढं म्या निरोप्याला इचारलं," ती म्हणाली. "हाय म्हणला. मंग तिथं बी मीच. चूल बदलली म्हंजी वजिफा होत न्हाई. ह्यांना जायचं तर जावं. मी न्हाई येत."

एका वाक्यात बेताची चाळणी झाली. धर्मराजला आता बाप एकटा जाणार की राहणार हे कळेना. काकासाहेब बहिणीवर डोळे वटारायला गेले आणि ते तिनं पाहिलेच नाहीत. इंद्रभान उठला, सोनूबाईच्या हातातली वाटी घेतली, पळसाची पानं घेतली, आणि खांदेमळणीला लागला.

अडतीस वर्षं हे काम त्यानंच केलं होतं. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्यावर पोळ्याच्या आदल्या सांजेला लोणी-हळद चोळायची आणि बैलाच्या कानाशी वाकून म्हणायचं, आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. बैलाला अहो-जाहो वर्षातून तेवढंच. इंद्रभान दावणीच्या उजव्या टोकापासून निघाला. एकेका खांद्यावर पान फिरत होतं, घट्टे मऊ होत होते, बैल माना ताणून डोळे मिटत होते. त्याच्या मनात मात्र ओवरी चालू होती. ओवरीत आपण एकटे. सकाळी उन्हं वर आली. उठलो. पाणी घातलं. मग? मग पोथी. मग? हात आपले चालत होते, तोंड आपलं बोलत होतं.

शेवटचं पान त्यानं खाली टाकलं आणि मागं वळला, तर गोपिकाबाई डाळीचं सूप घेऊन उभी होती.

"आवतन कोणाला दिलं?"

"बैलाला. आनखी कोणाला."

"सात येळा म्हणलात. बैल सहा हैत."

इंद्रभाननं वळून पाहिलं. तो सातव्या खुंट्याशी उभा होता. खुंटा रिकामा होता, चांद्याचं जुनं दावं तसंच त्याला गुंडाळलेलं. अकरा वर्षांची हाताची सवय, दुसरं काय. असं तो म्हणणारही होता. पण त्यानं खाली टाकलेली पानं त्याला दिसली. सात पानं होती, आणि सातवंही बाकीच्या सहांसारखंच पुसून कोरडं झालेलं. सातव्या पानावरचं लोणी कुठंतरी चोळलं गेलं होतं. आता त्याला आठवलं की तळव्याला काहीतरी ऊन लागलं होतं. आणि त्या उबेत एक जागा ओली होती, जू लागून सोललेली.

"दिलं तर दिलं," गोपिकाबाई म्हणाली. "उद्या सात ताटं करीन."

पोळ्याचा दिवस लख्ख उजाडला. आभाळात ढगाचं बोटभर चिरगूट नव्हतं. भीती वाटावी असं कुठंच काही नव्हतं, आणि इंद्रभानला त्याचीच भीती वाटत होती. अंधारातली गोष्ट दिवा लावला की जाते. उन्हातल्या गोष्टीला काय लावणार?

बैल धुवायला नदीवर गेले. गावातले सगळेच होते. कडूबा गुराखी दरडीवर बसून, आपल्या नेहमीच्या खोडीप्रमाणं, कोणाचे किती बैल पाण्यात उतरले ते मोठ्यानं मोजत होता. कडूबाचा एक डोळा अधू होता, पण गुरं मोजण्यात तो गावाच्या दोन डोळ्यांना भारी. त्यानं पाटलाचे बारा मोजले, तेल्याचे दोन मोजले, आणि इंद्रभानचे सात मोजले.

धर्मराज पाण्यातून ओरडला की नीट बघ, सहा आहेत. कडूबानं पुन्हा मोजले. "सातच. तो शेवटला बी तुमचाच की. पाण्याबाहेर उभा हाय तो. त्याला काहून धुत न्हाई?"

लोक हसले, धर्मराजही हसला. रायभान हसला नाही. तो पाण्यातून बाहेर आला, दरडीच्या ओल्या मातीवर वाकला, आणि मग हातातल्या दोरीनं माती पुसत पुसत चालू लागला. इंद्रभाननं पुसायच्या आधीची दोन हात जागा पाहिली. खुरांचे ठसे होते, आणि डाव्या मागच्या ठशामागं, बोटानं ओढावी तशी, एक रेघ.

दोघा भावांनी वर्षात पहिल्यांदा एकमेकांच्या डोळ्यांत पाहिलं.

वेशीतलं तोरण झालं, वाजंत्री झाली, झुली घातलेले बैल मानानं घरी आले. सोनूबाईनं पायांवर पाणी घातलं, ओवाळलं. पुरणपोळीची सहा ताटं सहा बैलांपुढं गेली आणि बघता बघता चाटून पुसून झाली. सातवं ताट गोपिकाबाईनं स्वतः नेऊन रिकाम्या खुंट्याशी ठेवलं. चार पोळ्या, वर तुपाची धार. मग ती दाराच्या चौकटीत बसली आणि म्हणाली, "आता पाहुणा जेवला की आपुन."

बैल जेवल्याशिवाय घरानं जेवायचं नाही, ही रीत सगळ्यांना माहीत होती. पण बैल नसताना तो केव्हा जेवणार, हे कोणालाच माहीत नव्हतं.

पहिली घटका थट्टेत गेली. काकासाहेब म्हणाले की नाक्यावर असताना त्यांनी रिकाम्या गाड्याही पुष्कळ अडवल्या होत्या, पण रिकामा बैल हा पहिलाच. दुसऱ्या घटकेला पुरणाचा वास सगळ्यांच्या पोटात शिरला. धर्मराज दोनदा उठला नि दोनदा बसला. सोनूबाईनं ताटावरच्या माश्या वारायला पदर उचलला आणि तसाच धरून ठेवला, कारण ताटावर एकही माशी नव्हती. बाकीच्या सहा उष्ट्या ताटांवर माश्या घोंगावत होत्या. सातव्यावर एक नाही.

भुकेनं असेल किंवा बसून बसून असेल, काकासाहेब मध्येच वेगळंच बोलू लागले. आवाज खाली गेला होता. म्हणाले, वजिफ्याचं सगळं सांगितलं तुम्हाला दाजी, एक सांगितलं नाही. मी अजून रोज सकाळी नाक्यावर जाऊन राह्यलो. दीड कोस चालत जातो. नवा नाकेदार भला माणूस आहे, मला बाकड्यावर बसू देतो. गाडी आली की मी हात वर करतो. गाडीवाले मला ओळखतात, थांबतात. मी काही विचारत नाही, आणि ते काही सांगत नाहीत. मग मी हात खाली करतो नि ते जातात. "परवा एक गाडी थांबलीच न्हाई," काकासाहेब म्हणाले. "माझ्या हाताकडं पाह्यलं आन गेला. दाजी, मी व्हतो का तिथं? मला कळंना."

इंद्रभानला ओवरीतली ती सकाळ पुन्हा दिसली, पाणी घातल्यानंतरची, पोथीच्या आधीची. ती आता लांबच लांब झाली होती.

तेवढ्यात सातव्या खुंट्याचं दावं हललं.

आधी त्याचा वेढा सुटला. मग ते भुईवरून सरपटलं, उचललं गेलं, आणि ताठ झालं. हातभर वर, वाऱ्याशिवाय, खुंट्यापासून थेट बाहेरच्या दाराकडं. खुंटा करकरला. ज्याला जेवायला बोलावलं होतं तो ताटाकडं पाठ करून, दोर ताणून, शेताकडं तोंड करून उभा होता. दावणीतल्या सहाही बैलांनी रवंथ थांबवलं.

सोनूबाईनं सासूचा दंड धरला. काकासाहेब खुर्चीवरून उतरून भुईवर बसले, ते आयुष्यात पहिल्यांदा.

"रुसलाय," गोपिकाबाई म्हणाली. लग्नातल्या रुसलेल्या सोयऱ्याबद्दल बोलावं तशी ती बोलली, पण तिचे ओठ पांढरे झाले होते. "आवतनाला आला आन जेवत न्हाई. काहून रुसला ते ज्यानं बोलावलं त्यानं सांगावं."

"बा," धर्मराज म्हणाला, "त्याला पान लागलं व्हतं ना?"

इंद्रभाननं ताणलेल्या दाव्याकडं पाहिलं. हो म्हटलं की झालं. एकदा बोललेलं खोटं पुन्हा बोलायला किती लागतं? तेवढ्यात खांबाजवळून रायभान उठला. "पान न्हाई लागलं," तो म्हणाला. "म्या जुंपला त्याला. दादाचा काही संबंध न्हाई."

दावं आणखी ताठ झालं. खुंटा भुईतून बोटभर वर आला.

वर्षभर जो भाऊ धड बोलला नव्हता तो आज बोलला, आणि तोही आपल्यासाठी खोटं. इंद्रभानला ते सोसलं नाही.

"तो खोटं बोलून राह्यला," इंद्रभान म्हणाला. "म्या जुंपला. शाळूची पेरणी आटपत आल्ती. जोडीतला पवळ्या लंगडला. वाफसा चाल्ला व्हता, उद्या धरला तर जमीन दगड. रायभान नको म्हणला. म्या म्हणलो, अर्ध्या दिसाचं काम, त्याला काय व्हतंय. माझ्या आवाजावर आला तो, धर्मा. दावं सोडलं तर आपल्या पायानं येऊन जुवाखाली उभा राह्यला. त्याला वाटलं... त्याला काय वाटलं काय म्हाईत. सात तास राह्यले व्हते तवा पडला."

काकासाहेबांचा हात सवयीनं खिशातल्या घड्याळाकडं गेला. "सात तास म्हंजी सकाळीच पडला की."

"घड्याळातले न्हाई, भाऊ," गोपिकाबाई म्हणाली. "मातीतले. तिफणीच्या एका फेऱ्याचा एक तास."

ते सात तास अजून तसेच पडीक होते. लिंबाखालचा तो पट्टा का पेरला नाही, असं धर्मराजनं दोनदा विचारलंही होतं. चांद्याला तिथंच पुरला होता.

"जुवाची गळ्याखालची जुपणी आवळली," इंद्रभान म्हणाला. "रायभाननं इळ्यानं कापली. म्या रोज सांजच्याला माझ्या हातानं सोडायचो त्याला. खांद्यावर थाप मारायचो आन म्हणायचो, झालं रे. त्याबिगर तो जुवाखालून हलायचा न्हाई, जू काढलं तरी. त्या दिवशी कोणी सोडलंच न्हाई त्याला. कापलं."

ऊन जिथं होतं तिथंच होतं.

रायभान आत गेला आणि माळ्यावरून ते जू घेऊन आला. डाव्या बाजूला तुटक्या जुपणीचं टोक लोंबत होतं. वर्षभर त्यानं ते फेकलंही नव्हतं आणि दुरुस्तही केलं नव्हतं. भावानं भावाच्या हातात जू दिलं. इंद्रभान सातव्या खुंट्याशी गेला. ताणलेल्या दाव्याच्या टोकाशी, जिथं काहीच नव्हतं, तिथं त्यानं जू धरलं. आणि ते जड झालं. एका बाजूनं, डाव्या. खालून कोणीतरी खांदा दिल्यासारखं ते त्याच्या हातांवरून उचललं गेलं. गरम उच्छ्वास त्याच्या मनगटावर आला. शाळूच्या ओल्या मातीचा वास आला, श्रावणात.

त्यानं कापलेल्या जुपणीची टोकं जुळवून गाठ मारली. मग ती गाठ, रोज सांजेला सोडायचा तशी, अंगठ्यानं सोडली. जू बाजूला केलं आणि हवेत थाप मारली. थाप लागली.

"झालं रे," इंद्रभान म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, "झालं रे राजा."

दावं भुईवर पडलं. मग खुंट्याशी तूप फासल्यासारखा ओला आवाज आला. सगळ्यांनी पाहिलं. पहिली पोळी कडेकडेनं कमी झाली, मग दुसरी. ताट भुईवर जरासं सरकलं, चाटताना सरकतं तसं. चार पोळ्या गेल्या, तुपाचा थेंब राहिला नाही. मग घुंगरमाळ वाजली, दारातून बाहेर गेली, आणि मातीवर पावलामागं एक रेघ उमटत उमटत शेताच्या वाटेला लागली.

पाहुणा जेवला होता. आता घरानं जेवायचं होतं. सोनूबाई पानं मांडायला उठली. सगळे गुमान आत गेले. गोपिकाबाई चुलीशी बसली आणि तवा पुन्हा तापत टाकला.

"किल्ल्या आजच घे," इंद्रभान धर्मराजला म्हणाला. "निरोप धाडायचा न्हाई मी. लिंबाखालचा तेवढा पट्टा माझा. आन पिंपळगावला सांग, ओवरी दुसऱ्या कोणाला द्या."

धर्मराजनं किल्ल्या घेतल्या. वर्षभर हव्या असलेल्या किल्ल्या हातात आल्या आणि त्या कुठं ठेवाव्या हे त्याला कळेना.

गोपिकाबाई पोळी लाटत होती. चुलीकडंच बघत ती म्हणाली, "बैलाला रोज म्हणत व्हता. मला चाळीस वर्सं झाली. मला कोणी म्हणलं न्हाई, झालं."

रायभाननं ताटात पाहिलं. इंद्रभान पाटावरून उठला, चुलीशी गेला आणि वाकून बायकोच्या हातातलं लाटणं काढून घेतलं. खांद्यावर हात ठेवायचं त्याला सुचलं, पण पोराबाळांदेखत धाडस झालं नाही.

"झालं," तो म्हणाला. "ऊठ. आधी तू जेव."

"आजच्या दिस?"

"रोज सांजच्याला म्हणीन."

ती उठली. सोनूबाई तव्यापुढं बसली. उठताना गोपिकाबाईची नजर नवऱ्याच्या खांद्यावर गेली आणि तिथंच राहिली. त्याच्या बंडीच्या डाव्या खांद्यावर ओला पिवळा डाग होता. तिनं बंडी बाजूला केली. आत, कातडीवर, पळसाच्या पानाच्या शिरा उमटलेल्या, लोणी-हळद ताजी.

"तू लावलं?" त्यानं विचारलं.

"माझे हात पिठात व्हते." तिनं पदरानं पुसलं. पुसलं गेलं नाही. मग ती त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली, "जेवून गेला. जेवलेला पाहुणा परत आवतन देतो. रीतच हाय ती."

आज आवतन घ्या, उद्या जेवायला या. इंद्रभाननं मनाशी म्हणून पाहिलं आणि त्याला ओवरी आठवली, तिथल्या त्या लांबच लांब सकाळी. कालपर्यंत उद्याचं काय करायचं हे त्याला कळत नव्हतं. आता उद्या एकच उरला होता आणि तोही कवडीएवढा. पण इंद्रभान सत्तावन्न वर्षं मातीशी नि माणसांशी घासाघीस करत आला होता. त्याचे डोळे बारीक झाले.

"पेरणी अर्धी टाकून कोणी जेवाया जातो का? सात तास राह्यलेत माझे. ते झाले की येतो म्हणावं."

"सात तास एका सकाळचं काम."

"एका साली एक पेरीन. मी तिफण धरीन, तू चाड्यावर बियाची मूठ धर. दोघांनीच."

गोपिकाबाई कोठीत गेली, बियाण्याच्या मडक्यातून शाळूचे दाणे ओंजळीत घेतले आणि बाहेर येऊन त्याच्यासमोर मोजल्यासारखे त्याचे सात ढीग केले. सहा तिनं मडक्यात परत टाकले. सातवा पदराच्या टोकात घेतला आणि गच्च गाठ मारली, तुटली तरी सुटू नये अशी.

"हे माझ्यापाशी," ती म्हणाली. "सातव्या तासाला कवा झालं म्हणायचं ते मी सांगीन."

मग ती पाटावर बसली आणि सगळ्यांच्या आधी जेवू लागली. बाहेर शिवारात, लिंबाच्या अंगाला, घुंगरमाळ एकदाच वाजली आणि थांबली, उभं राहून वाट बघायला लागलेल्या बैलाची वाजते तशी.